आधी नवऱ्याला घेऊन या

माझ्या दवाखान्याच्या पाटीवर 'प्रसूतिगृह' एवढंच लिहिलेलं होतं. त्यामुळे नगरातल्या निम्म्या लोकांची समजूत अशी, की या बाई उठल्यापासून झोपेपर्यंत बाळंतपणं करतात. केली, भरपूर केली. पण दुपारी खेड्यापाड्यांच्या एसट्या स्टँडवर रिकाम्या झाल्या, की माझ्या बाकांवर येऊन बसणाऱ्या बायका वेगळ्या असत. त्यांना बाळंतपण हवं होतं आणि ते येत नव्हतं. त्यांच्यासाठी पाटीवर काही लिहायची सोय नव्हती. 'गुप्तरोग' ही अक्षरं त्या काळी भिंतींवर आणि तंबूतल्या वैद्यांच्या कापडी फलकांवर असत. ती माझ्या दारावर लावली असती, तर येत होते ते पेशंटही तोंड फिरवून पुढे गेले असते.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे पेशातले गमतीदार प्रसंग मागितले. मी त्यांना म्हटलं, माझ्याकडचे गमतीदार प्रसंग फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचण्यासारखे नाहीत. ते म्हणाले, आता काळ बदललाय. बदलला असेल तर उत्तमच. मी सांगणार आहे ते बाहत्तरच्या दुष्काळाच्या आगेमागे घडलेलं. माणसांची नावं अर्थातच बदलली आहेत.

त्या वेळी मूल नाही म्हटलं, की दोष बाईचा हे ठरलेलं असे. लग्नाला दोन वर्षं झाली की सासू सुनेला घेऊन येई, 'हिला तपासा' म्हणे आणि स्वतः पदराने वारा घेत बसे. नवरा आलाच, तर बाहेर ओसरीवर. आपण जणू एसटीची वाट बघतोय आणि या दवाखान्याशी आपला काही संबंध नाही, असा चेहरा करून तो रस्त्याकडे बघत राही. सुरुवातीची काही वर्षं मी निमूट बायकांना तपासत गेले. तपासून, औषधं देऊन, गर्भपिशवीचं तोंड रुंद करून झाल्यावर कधीतरी नवऱ्याची तपासणी व्हायची आणि कळायचं, की खोट तिकडे होती. त्या बाईला आपण उगाच टेबलावर आडवी केली, याचा मला मनस्वी संताप यायचा. शेवटी मी नियमच केला. मूल होत नाही म्हणून जी येईल, तिला मी पहिल्या दिवशी फक्त चार प्रश्न विचारीन आणि वरवर तपासून परत पाठवीन. आधी नवऱ्याला घेऊन या, मग पुढचं.

या नियमाने माझे बरेच पेशंट गेले. 'बाई लई आखडू हाय' अशी ख्याती पार पाथर्डीपर्यंत पोचली. जे राहिले त्यांचे नवरे मात्र आले.

आता नवरा आला, म्हणून तो बोलेल असं नव्हे. समोर बाई डॉक्टर, मध्ये टेबल आणि विषय असा. मी काही विचारलं की तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघून 'सगळं ठीक हाय' म्हणायचा. यावर मला उपाय सापडला तो कापसामुळे. दवाखान्यात कापसाचे बोळे आणि गॉजच्या घड्या सतत लागत, आणि ते काम मागच्या पडवीत बसून आम्ही हातानेच करत असू. एकदा गडबडीत मी एका नवऱ्यालाच हाताशी धरलं आणि कापसाचा गठ्ठा पुढ्यात टाकला. शेतकरी माणूस, कापूस हातात आला की बोटं आपोआप चालायला लागली. मीही शेजारी बसून घड्या घालू लागले. दोघांचीही नजर खाली, कामात. थोड्या वेळाने त्याने स्वतःहून तोंड उघडलं. तेव्हापासून नवऱ्यांशी बोलायचं ते पडवीत आणि हातात कापूस देऊनच. आमच्या करुणा सिस्टर म्हणत, बाईंच्या दवाखान्यात बोळे पुरुषच करतात.

त्या पडवीत मला जे ज्ञान मिळालं ते कॉलेजात मिळालं नव्हतं. एक प्राथमिक शिक्षक होते, नेवाशाकडचे. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. हे गृहस्थ स्टँडजवळच्या तंबूतून ताकदीची पावडर आणून वर्षभर दुधातून घेत होते. का, तर लघवीवाटे धातू जातो आणि शंभर थेंब रक्ताचा एक थेंब धातू बनतो, असं त्यांना लहानपणीच कोणीतरी पटवून दिलेलं. लघवी कधीमधी गढूळ दिसते, त्यात काही जात नाही आणि रक्ताचा त्याच्याशी हिशोब नाही, हे मी सांगून पाहिलं. ते मान हलवत होते, पण विश्वास पावडरीवरच. खरी गोष्ट वेगळीच निघाली. ताकद वाया जाऊ नये म्हणून ते बायकोजवळ महिन्यातून एकदाच जात, आणि तेही ती न्हाऊन उठली की लगेच. त्यांचं गणित शेतीचं होतं, रान तयार झालं की पेरायचं. बाईच्या शरीरात बीज तयार होतं ते दोन पाळ्यांच्या मध्यावर. हे गृहस्थ दर महिन्याला पेरणीची घात येण्याच्या आधीच पेरून मोकळे होत होते. मी त्यांना मधले दिवस कसे मोजायचे ते सांगितलं. वर्षाच्या आत मुलगा झाला. पेढे घेऊन आले आणि मला म्हणाले, शेवटी पावडरीचा गुण आलाच.

दुसरा त्रास नसबंदीचा. तेव्हा शिबिरांचा जोर होता. माणसं शस्त्रक्रिया करून घेत आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या बायका माझ्याकडे येऊन खालच्या आवाजात सांगत, की मालकांचं आता काहीच होत नाही. यात शस्त्रक्रियेचा दोष नसे. आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याने बैल खच्ची करताना पाहिलेला असतो, गोऱ्हा असताना दावं तोडणारा तो पुढे कसा खाली मान घालून नांगराला लागतो, हेही त्याला माहीत असतं. शिबिराच्या टेबलावर झोपताना त्याच्या डोळ्यांपुढे तोच बैल. मी प्रत्येकाला सांगायची, तुझ्या विहिरीला कोणी हात लावलेला नाही, फक्त एका पाटाचं दार लावलंय. पाणी तेवढंच आहे, जोर तेवढाच आहे. पाण्याची दारं धरणाऱ्या माणसाला हे लगेच समजतं. समजल्यावर बहुतेकांचं ठीक होई. मन घाबरलं की पुरुषाचं शरीर साथ देत नाही, आणि एकदा साथ दिली नाही की पुढच्या वेळी भीती दुप्पट होते. औषधाच्या बाटलीने हे चक्र थांबत नाही. भीती नेमकी कशाची, हे सापडावं लागतं.

कौसाच्या नवऱ्याची भीती सापडायला मला सर्वांत जास्त त्रास झाला.

कौसा कर्जतच्या पुढच्या एका गावातली. त्र्याहत्तरच्या दसऱ्यानंतर तिची सासू, गयाबाई, तिला घेऊन आली. दुष्काळ सरला होता, त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि गयाबाईंच्या हालचालीत घाई होती. त्या चाळिशीच्या असतील, पण दोन वर्षं खडी फोडून हात लाकडासारखे झाले होते. कपाळ मोकळं. त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं. मुलगा एकुलता एक, भानुदास. लग्नाला अडीच वर्षं झाली, सून रिकामीच. आता भावाची मुलगी करायची ठरलीय, सुपारीसुद्धा फुटली. तुळशीची लग्नं लागली की बार उडवायचा. माझ्याकडून त्यांना एवढंच हवं होतं, की हिच्यात दोष आहे हे मी माझ्या तोंडाने हिच्या बापाला सांगावं, म्हणजे माहेरचे भांडायला येणार नाहीत आणि मुकाट्याने घेऊन जातील.

एक बायको असताना दुसरी करणं कायद्याने गुन्हा होता, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, कायदा कर्जतला असतो, आमच्या गावात नसतो.

कौसाला मी तपासलं. सुदृढ मुलगी, पाळी वेळच्या वेळी, कुठे काही वावगं नाही. नवरा जवळ येतो का, हे विचारल्यावर ती झटकन 'व्हय' म्हणाली. असं झटकन उत्तर आलं की मी दुसऱ्यांदा विचारते. दुसऱ्यांदाही 'व्हय'. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने दाराकडे पाहिलं, सासू ऐकते आहे का ते. मी बाहेर येऊन गयाबाईंना माझा नियम सांगितला. त्या चिडल्या. पोरं काय बाप्या जन्माला घालतो का, म्हणाल्या. मी म्हटलं, त्याला आणल्याशिवाय मी हिच्या बापाला काहीही सांगणार नाही. हा तोडगा लागू पडला, कारण माझ्या तोंडची साक्ष त्यांना हवीच होती.

पुढच्या आठवड्यात भानुदास आला. उंचापुरा, बावीस-तेवीस वर्षांचा, बोलायला जड. पुरुषांची तपासणी मी स्वतः करत नसे. जवळच माझे एक सर्जन मित्र होते, त्यांच्याकडे चिठ्ठी देऊन पाठवायची. ते तपासत आणि वीर्याच्या तपासणीसाठी उकळून वाळवलेली एक छोटी बाटली देत. नमुना तासाभरात आणि अंगाच्या उबेत ठेवून लॅबमध्ये पोचवावा लागतो, म्हणून तो तिथेच, मागच्या खोलीत द्यायचा. ज्यांना जमत नसे ते 'उद्या घरनं आनतो' म्हणून जात आणि परत येत नसत. भानुदास परत आला. माझ्या टेबलावर कोरडी बाटली ठेवून 'न्हाई झालं' एवढंच म्हणाला. मित्राचा निरोप होता, की शरीरात काही दोष दिसत नाही.

मी कौसाला एकटीला आत बोलावलं आणि दार लावलं. म्हटलं, आता खरं सांग. तिने खरं सांगितलं. लग्नानंतर पहिल्या दिवसांत एकदा, आणि त्यानंतर अडीच वर्षांत एकदाही नाही. तो जवळ येतो, त्याला घाम फुटतो आणि तो उठून बाहेर जातो.

"हे सासूला का नाही सांगितलंस? तुला हाकलून देताहेत."

"मला वांझ म्हना बाई. मी जाईन माह्यारी. पर त्यांचं नाव यात नगं. गावात त्यांना कुनी उभं करनार न्हाई."

मला तिचा भयंकर राग आला. असल्या समजूतदारपणाने किती मुली माहेरच्या चुलीपुढे म्हाताऱ्या झाल्या, ते मी बघत होते. मी तिला खडसावलं, की तू गेल्यावर त्या मामाच्या पोरीचं काय होणार, तीही अशीच बसेल ना? तिने यावर विचार केलेला नव्हता. ती रडायला लागली, आणि मग मीच तिला पाणी दिलं.

एवढं सगळं कळूनही मला गयाबाईंना काही सांगता येत नव्हतं. भानुदासने त्याची गोष्ट माझ्यावर विश्वास टाकून सांगितलेली नव्हती, पण ती त्याचीच होती. गप्प बसले तर कौसा जाणार. बोलले तर ती कदाचित राहील, पण ज्याच्यासाठी राहायचं तो माणूस गावातून उठणार. दोघांपैकी एकाला बुडवून दुसऱ्याला वाचवायचं नसेल, तर भानुदासची भीती शोधण्यावाचून मार्ग नव्हता आणि तुळशीची लग्नं तोंडावर आली होती.

मी त्याला पडवीत नेलं आणि कापूस दिला. बराच वेळ त्याने नुसते बोळे केले. मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा, की पहाटे जाग येते तेव्हा अंग आपोआप ताठलेलं असतं का. बाईने हा प्रश्न पुरुषाला विचारायचा म्हणजे त्या काळी दवाखाना बंद करून जायची वेळ. पण या प्रश्नाइतका उपयोगी प्रश्न आमच्या धंद्यात दुसरा नाही. झोपेत मन पहाऱ्यावर नसतं. तेव्हा जर शरीर ठीक चालत असेल, तर शरीरात बिघाड नाही, अडवणूक मनाची आहे. त्याने कापसातून मान वर न काढता होकार दिला.

"मग जागेपणी कोण अडवतं?"

त्याने हातातला बोळा पिंजून पिंजून पार धुरळा केला. मग म्हणाला, "बाई, माझा बा मी मारलाय."

मी घडी घालत राहिले. अशा वेळी थांबायचं नाही, हे अनुभवाने शिकलेली होते.

त्यांच्या घरात रिवाज असा, की लग्न लागलं की आधी देवदेव. नवरा-नवरीने कुळस्वामी खंडोबाला जाऊन यायचं, घरी जागरण घालायचं, आणि ते होईपर्यंत एकमेकांपासून लांब राहायचं. नवरी सासूजवळ झोपते, नवरा मळ्यात. देवाचा मान देवाला मिळाल्याशिवाय संसार सुरू करायचा नाही. भानुदासचं लग्न वैशाखात झालं. जागरण आठ दिवसांवर होतं, आणि भर दुपारी मळ्यातल्या गवती कोपीत कौसा भाकरी घेऊन आली असताना दोघांना धीर निघाला नाही. संध्याकाळी तो घरी आला तर बापाची दातखीळ बसलेली. रात्रीपर्यंत बापाचं अंग धनुष्यासारखं उलटं वाकायला लागलं. डोळे फिरलेले, तोंडाला फेस, कोणी हात लावला की पुन्हा झटका. गावातल्या जाणत्यांनी बघितलं आणि सांगितलं, देवानं धरलंय, मानात काहीतरी कसूर झाली. घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, कसूर कोणाकडून झाली म्हणून. भानुदासला ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी बाप गेला.

पुढे वर्षभर सुतकामुळे जागरण झालं नाही. त्यानंतर दुष्काळ. टँकरच्या पाण्यावर गाव, बकरं कुठून आणणार आणि वाघ्या-मुरळीला जेवायला काय घालणार. गयाबाईंनी देव्हाऱ्यात नारळ ठेवला, पाऊस पडला की घालते म्हणून देवाची मुदत मागितली आणि सुनेला मुलाच्या खोलीत पाठवली. आईच्या दृष्टीने बंदी उठली होती. मुलाला मात्र कौसाजवळ गेलं की बापाचं उलटं वाकलेलं अंग दिसायचं.

मी त्याला विचारलं, लग्नाच्या सुमाराला बापाला कुठे जखम झाली होती का. त्याला आठवायला वेळ लागला. मग म्हणाला, मांडव घालताना पायात खिळा गेला होता, गंजका. टाच सुजली होती. बा लंगडत लंगडतच लग्नात फिरला.

"मांडव हळदीच्या आधी घातला ना?"

"व्हय. आदी मांडव, मंग हळद."

मग मी त्याला धनुर्वात समजावून सांगितला. त्याचे जंतू मातीत, शेणात, गंजलेल्या लोखंडावर असतात, ते जखमेतून आत शिरतात, आणि विष अंगात भिनायला काही दिवस जातात. वरून जखम बरी होत आल्यासारखी दिसते. मग एक दिवस दातखीळ बसते आणि अंग धनुष्यासारखं होतं, म्हणून तर त्याचं नाव धनुर्वात. असे पेशंट मी इस्पितळात अंधाऱ्या खोलीत ठेवलेले पाहिले होते. त्यात देव नव्हता. तुझ्या बापाचं मरण हळद लागायच्या आधीच त्याच्या टाचेत शिरलेलं होतं. त्या दुपारी तू कौसाजवळ गेला नसतास, तरी ती संध्याकाळ तशीच झाली असती.

"हळदीच्या आदीच," तो म्हणाला. त्याने हे स्वतःशीच दोनतीनदा म्हटलं आणि पुन्हा कापूस उचलला.

समजलं म्हणून लगेच भागतं, असं नसतं. डोक्याला पटलेलं अंगात उतरायला वेळ लागतो. मी त्याला सांगितलं, आता पाऊस झालाय, चंपाषष्ठीला जागरण घालून टाका. मी स्वतः देवाधर्माच्या वाटेला न जाणारी बाई, पण ज्या दारावर त्याचं मन अडलं होतं ते दार त्याच्याच किल्लीने उघडणार होतं. त्यापुढची सूचना मात्र माझी. जागरण झालं तरी महिनाभर दोघांनी एका खोलीत झोपायचं, बोलायचं, हवं तर जवळ घ्यायचं, पण त्यापुढे जायचं नाही. मी परवानगी देईपर्यंत सक्त मनाई. ही आमच्या पेशातली जुनी युक्ती आहे. जमलंच पाहिजे ही धास्ती गेली की शरीर आपल्या वाटेने चालू लागतं. देवाची बंदी उठून माझी लागणार होती, आणि माझी बंदी मोडली म्हणून कोणाचा बाप मरणार नव्हता.

गयाबाईंना काय सांगायचं, हे भानुदासला विचारूनच ठरवलं. तो म्हणाला, तुमाला योग्य वाटंल तेवढं सांगा. मी त्यांना म्हटलं, दोघांवरही औषध चालू केलंय, कौसात कायमचा दोष काही नाही, आणि जागरण झाल्याशिवाय माझं औषध लागू पडणार नाही. तोवर लग्न थांबवा. नाहीतर दुसरी आणाल आणि तीही रिकामीच राहील.

गयाबाई हुशार होत्या. 'दोघांवर' हा शब्द त्यांनी बरोबर पकडला. काही वेळ त्या सुनेच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग भावाची पोर वाचली म्हनायची." बस्स, तेवढंच. लेकाबद्दल त्यांनी एक प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर त्यांच्यातलं कोणी आलं नाही. पेशंट परत येत नाही, तेव्हा तो बरा झाला की दुसरीकडे गेला, हे कळायला मार्ग नसतो. तुळशीची लग्नं लागली, चंपाषष्ठी झाली, संक्रांत झाली. कौसाला माहेरी पोचवली असणार, असं मी मनाशी धरून चालले होते आणि त्याचं वाईट वाटत होतं.

होळीच्या सुमाराला गयाबाई एकट्याच आल्या, पदराच्या ओट्यात मटकी घेऊन. सुपारी परत केली, म्हणाल्या. भाऊ बोलत नाही, न बोलला तर न बोलो. जागरण झालं. कौसाला दोन महिने झाले, तिला उलट्या होताहेत, ती घरीच आहे. तुमची मनाई पोरांनी काही पाळली नाही बाई, असंही त्यांनी पदर तोंडाला लावून सांगितलं. मला इतका आनंद झाला, की मी सिस्टरांना चहा टाकायला सांगितला.

चहा झाला तरी गयाबाई उठेनात. बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, भानूने त्यांना सगळं सांगितलं होतं. जागरणाच्या आदल्या दिवशी आईच्या मांडीवर डोकं ठेवून, बाप गेल्यावर रडला नव्हता तेवढं रडून सांगितलं होतं.

"ते खिळ्याचं खरं हाय का बाई?"

"खरं आहे."

"आन् शेनात बी त्ये असतंय म्हनून तुमी बोलला."

पुढचं मला कळलं होतं.

"टाचंवर शेन मीच बांधलं हुतं," गयाबाई म्हणाल्या. "सूज उतरावी म्हनून. रोज ताजं."

मुलाच्या डोक्यावरचं ओझं मी मोठ्या हुशारीने उतरवलं होतं. ते उतरवून कोणाच्या डोक्यावर ठेवतेय, हे पाहिलं नव्हतं. मी म्हणाले, विष खिळ्यातूनच गेलं असणार. सगळं गाव शेणच बांधतं, तुम्हाला कोणी सांगितलंय कधी. त्यांनी ऐकून घेतलं. समजूत काढली जातेय हे त्यांना दिसत होतं.

"भानूच्या अजून ध्यानात न्हाई आलेलं," त्या म्हणाल्या. "शेनाचं इचाराया आला तर न्हाई म्हना. त्याचं आत्ता कुठं नीट चाललंय."

मी बरं म्हणाले. खोटं न बोलण्याबद्दल मी नगरात प्रसिद्ध होते, तरी बरं म्हणाले.

कौसाला बाळंतपणासाठी गयाबाईंनीच माझ्याकडे आणलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचा रिवाज मोडून, व्याह्यांशी वाद घालून आणलं. गावातली सुईण नाळेला काय लावते, हे त्यांना माहीत होतं. मुलगी झाली. नातवासाठी दुसरी सून आणायला निघालेल्या गयाबाई नातीबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. बाळ बघायला आत बोलावलं, तेव्हा त्या आधी मोरीकडे गेल्या आणि साबण मागितला. हात धुतले. पुसले, आणि पुन्हा धुवायला लागल्या. नखं धुतली, मनगटं धुतली, कोपरापर्यंत साबण लावला. सिस्टर म्हणाल्या, आजी, झाले की स्वच्छ. तरी त्या थांबेनात. भानुदास दारात उभा होता. तो हसून म्हणाला, "आई, लई झालं आता. घे की पोरीला."

गयाबाई हात चोळतच होत्या. मी नळ बंद केला, त्यांचे हात कोरडे केले आणि नात त्यांच्या हातात दिली.